"हा कुठला देव गं?" : टिकी, मोआई आणि पॉलिनेशियातले कोरलेले पूर्वज

पोहुतुकावा

गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेची मराए-भेट होती. मराए म्हणजे माओरी लोकांची सगळ्यांनी एकत्र यायची जागा. पुढे मोकळं अंगण, मागे कोरीव लाकडाचं मोठं घर (त्याला फारेनुई म्हणतात), बाजूला जेवणघर. पालकांनाही बोलावलं होतं. सासूबाई वाईहून आमच्याकडे ऑकलंडला आल्या आहेत, त्यांनाही घेऊन गेले.

अंगणाच्या तोंडाशी सगळे गोळा झालो. आतून एका बाईंनी लांब हाक घातली. तिला कारांगा म्हणतात. मग आम्ही सावकाश पुढे निघालो. मध्ये क्षणभर थांबायचं असतं, त्यांच्या आणि आपल्या गेलेल्या माणसांसाठी. नंतर भाषणं, गाणी, नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावून होंगी. चपला बाहेर काढून आत गेलो.

आत भिंतीला ओळीने रुंद कोरीव फळ्या. प्रत्येकीवर एक आकृती: मोठं डोकं, पाउआ शिंपल्याचे निळे-हिरवे डोळे, बाहेर काढलेली जीभ, पोटावर हात, हाताला बहुतेक तीनच बोटं. सासूबाईंनी पदर सावरला, हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "हा कुठला देव गं?"

जवळच उभ्या असलेल्या एका आजींना मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. त्यांनी त्या फळीवर तळहात ठेवला, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यावर ठेवावा तसा. म्हणाल्या, "देव नाही. हे आमचे आजोबा. बऱ्याच पिढ्या मागचे." मग वर बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे सगळं घर म्हणजेही एक आजोबाच. तुम्ही त्यांच्या पोटात उभ्या आहात."

सासूबाईंनी जोडलेले हात काढले नाहीत. पण घरी येईपर्यंत गाडीत त्या गप्प होत्या.

मी इथे अकरा वर्षं राहते. गळ्यात हिरव्या दगडाची हेई-टिकी घातलेली माणसं रोज दिसतात. मीही मनात त्याला 'मूर्ती' म्हणून सोडून दिलं होतं, याचं मला वाईट वाटलं. म्हणून वाचायला बसले. जे कळलं ते लिहिते.

फारेनुई हे खरोखर एका पूर्वजाचं शरीर म्हणून बांधतात. शिखरावर उभी आकृती टेकोटेको, तिच्याखाली चेहरा तो कोरुरु. दोन्हीकडे उतरणाऱ्या छपराच्या कडा, माईही, हे त्याचे पसरलेले हात आणि त्यांची टोकं, रापारापा, ही बोटं. आतलं आढं, ताहुहु, म्हणजे पाठीचा कणा. त्यावरून उतरणारे वासे, हेके, म्हणजे बरगड्या. मधला खांब पोउतोकोमानावा, म्हणजे काळजाचा खांब. भिंतीतल्या फळ्या पोउपोउ, त्यांच्यावर त्याच वंशातली माणसं. ती नुसती 'पूर्वज' म्हणून कोरलेली नसतात. प्रत्येकाला नाव असतं आणि कोण कुणाचा, हे सांगणारं कुणीतरी त्या घराचं असतं. ही वंशाची मांडणी म्हणजे फाकापापा. भाषण करणारा माणूस उभ्याउभ्या ती म्हणत पंधरावीस पिढ्या मागे जातो, आणि ती ज्यांची नावं घेते ती माणसं त्याच्या चारी बाजूंना उभी असतात.

माओरीत तुपुना या एकाच शब्दाचा अर्थ आजी-आजोबा असाही होतो आणि पूर्वज असाही. आपल्या 'वाडवडील'च्या अगदी जवळचा.

आता प्रश्न. हवाईत, ताहितीत, ईस्टर आयलंडवर अशाच आकृत्या आहेत. त्याही सगळ्या पूर्वजच का? की कुठे देव, कुठे आणखी काही? जाणकारांनी भर घालावी.

---

वाटसरू

सुंदर धागा. 'पोटात उभ्या आहात' वाचून दोन मिनिटं थांबलो.

---

दगडफूल

पोहुतुकावा, प्रश्न योग्य जागी विचारलात. एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुरातत्त्व शिकत असताना पॉलिनेशियावर (म्हणजे हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर आयलंड यांच्या त्रिकोणातली बेटं) बरंच वाचलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्द. माओरी आणि मार्केसास बेटांवर 'टिकी', ताहितीत 'तिइ', हवाईत 'किइ'. मूळ एकच, बेटागणिक उच्चार बदलला. अर्थ मात्र उच्चारापेक्षा जास्त बदलला. काही माओरी इवींच्या (इवी म्हणजे वंशगट) कथेत टिकी हे पहिल्या माणसाचं नाव आहे. इतर कथांत ताने हा देव कुरावाका इथल्या मातीतून हिनेआहुओने ही पहिली स्त्री घडवतो. आजच्या हवाई भाषेत किइ म्हणजे कोणतंही चित्र, अगदी फोटोसुद्धा.

ताहितीत आणि आसपासच्या बेटांवर तर आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. तिथे माणसासारखी दिसणारी लाकडी तिइ ही पायरीने खालची गोष्ट. मंत्रतंत्र करणारे लोक ती वापरत, तिच्यात आत्मे येऊन राहतात अशी समजूत होती. थोर देवासाठी असे तोओ. लाकडाचा गाभा, त्यावर नारळाच्या काथ्याची घट्ट वीण, आणि लाल पिसं. नाक-डोळे असले तर दोरीनेच सुचवलेले, बऱ्याचदा तेही नाहीत. ओरो या देवाचे तोओ असेच. ते कापडात गुंडाळलेले असत. ठरलेल्या विधीत, ठरलेल्या लोकांसमोरच उघडत, जुनी पिसं काढून नवी देत. ज्याला चेहरा आहे ते मोठं, हा आपला नियम तिथे घेऊन गेलं की सगळं चुकतं. ओरोचं मोठं स्थान म्हणजे रायआतेआ बेटावरचं तापुतापुआतेआ मराए. २०१७ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. तिथे मराए म्हणजे घर नाही, दगडी फरसबंदीचं मोकळं देवस्थान. शब्द तोच, वस्तू वेगळी.

रारोटोंगाचे देवदंडही असेच. ब्रिटिश म्युझियममध्ये जवळजवळ चार मीटर लांबीचा एक आहे. वरच्या टोकाला कोरलेलं मोठं डोकं, त्याखाली छोट्या आकृत्यांची रांग, आणि मधला सगळा भाग झाडाच्या सालीच्या कापडाच्या जाड गुंडाळीत. अशा इतर दंडांची गुंडाळी मिशनऱ्यांच्या काळात उतरवली गेली. कित्येकांची फक्त डोकी कापून नेली. संग्रहालयात ती 'शिल्प' म्हणून मांडली जातात. गुंडाळी हाच अर्धा अर्थ होता, तो गेला.

सामोआत तर कोरीव आकृत्या जवळपास नाहीतच. तिथे देव आणि आत्मे पक्षी, मासे, प्राणी यांच्या रूपात येत. पॉलिनेशिया म्हणजे टिकी, हे समीकरण सामोआपाशीच तुटतं.

---

रानजाई

दगडफूल, रुरुतु बेटावरच्या आआ या कोरीव आकृतीबद्दल लिहा ना! ब्रिटिश म्युझियममध्ये मी त्याच्यासमोर अर्धा तास उभी होते.

---

दगडफूल

रानजाई, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय, तुम्हीच लिहा.

---

रानजाई

बरं. उंची साधारण ११७ सेंटीमीटर, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी लाकडी आकृती. अंगावर तीस छोटी माणसं. नुसती चिकटवलेली नाहीत, डोळे, नाक, तोंड, कान हे सगळं त्या माणसांनीच बनलेलं आहे. चेहरा पाहायला जावं तर माणसं दिसतात, माणसं मोजायला जावं तर चेहरा. वंशमूळ आणि वंशज एकाच लाकडात, असं मला तरी वाटलं. पाठीमागे झाकण आहे, आतून पोकळ. १८२१ मध्ये रुरुतुचे लोक नवा धर्म स्वीकारून आले आणि त्यांनी तो रायआतेआवर मिशनऱ्यांकडे सोपवला. तेव्हा आत आणखी छोट्या आकृत्या होत्या, त्या पुढे नष्ट झाल्या. ती पोकळी मुळात पूर्वजाच्या अस्थींसाठी असावी, असं काही अभ्यासक मानतात. त्या मागच्या बाजूला गेले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पुढून सगळे त्याला अप्रतिम कलाकृती म्हणत फोटो काढत होते आणि मागे ती रिकामी जागा होती.

---

कृष्णाकाठ

पोहुतुकावा ताई, तुमच्या सासूबाई वाईच्या म्हणजे आमच्याच गावच्या. त्यांना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी घरातल्या वीराचा टाक असतोच की. धुळवडीला नाशिकला ते टाक घेऊन वीर नाचवतात. गावागावांत वीरगळ आहेत. पूर्वजाला हात जोडणं आपल्याला नवं नाही. मला तर वाटतं हे लोक कधीकाळी आपल्याकडूनच समुद्रमार्गे तिकडे गेले असावेत. इतकं साम्य योगायोगाने येत नाही.

---

खलाशी

कृष्णाकाठ, टाकाची आठवण चपखल आहे, पण शेवटच्या वाक्याशी असहमत. भाषा, मातीची भांडी, डुकरं-कोंबड्या, जनुकं, सगळे पुरावे एकाच दिशेचे आहेत. या लोकांचं मूळ तैवानकडे जातं. तिथून फिलिपाइन्स, न्यू गिनीच्या उत्तरेची बेटं, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी टोंगा-सामोआ. नंतर बराच काळ थांबून पूर्वेकडची बेटं, आणि सगळ्यात शेवटी, तेराव्या शतकाच्या सुमारास, न्यूझीलंड. होकायंत्राशिवाय, ताऱ्यांवरून, लाटांच्या उसळीवरून, पक्ष्यांच्या वाटेवरून. हे श्रेय त्यांच्या पूर्वजांचं आहे. ज्या आजोबांना ते खांबात कोरतात, त्यातले कित्येक होडीतून आलेले म्हणून कोरलेत. 'तुमचे आजोबा मूळचे आमचेच' हे त्या मराएवर उभं राहून म्हणवेल का, एवढाच विचार करा.

भाषेचा एक पुरावा तर प्रत्यक्ष घडलेला आहे. १७६९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक न्यूझीलंडला पोचला तेव्हा जहाजावर रायआतेआचा तुपाइआ होता. तो बोलला आणि माओरींना समजलं. शेकडो वर्षं संपर्क नसताना.

---

कृष्णाकाठ

खलाशी, पटलं. वाक्य मागे घेतो. साम्य पाहून ओढ वाटली, ती मात्र खरी आहे.

---

मिशिगनकाठ

शिकागोहून लिहितोय. इथल्या फील्ड म्युझियममध्ये एक अख्खं माओरी घर आहे, रुआतेपुपुके. टोकोमारु बे इथे १८८१ मध्ये बांधलेलं, १९०५ पासून इथे आहे. मुलांना डायनासोर दाखवायला नेतो तेव्हा तिथेही जाऊन बसतो.

घर ज्याच्या नावाचं त्या रुआतेपुपुकेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्याच्या मुलाला समुद्रदेव तांगारोआने नेलं आणि आपल्या घराच्या शिखरावर टेकोटेको करून बसवलं. बाप शोधत समुद्राच्या तळाशी गेला. तिथे तांगारोआचं घर कोरीव खांबांचं, आणि आतले खांब एकमेकांशी बोलत होते. बाहेरच्या पडवीतले गप्प होते. रुआने घराला आग लावली, मुलाला सोडवलं आणि निघताना पडवीतले खांब बरोबर आणले. कोरीवकाम माणसांकडे आलं ते असं. आणलेले खांब मुके होते, म्हणून आजचे खांब बोलत नाहीत.

यामुळेच मला वाटतं, त्या घरात माणसाला बोलावं लागतं. खांब गप्प आहेत, त्यांची फाकापापा कुणीतरी म्हणायला हवी.

---

पोहुतुकावा

मिशिगनकाठ, ही गोष्ट मी आजच रात्री लेकीला सांगणार. त्या घराच्या लोकांशी म्युझियमचा काही संबंध आहे का?

---

मिशिगनकाठ

आहे. १९८४ ते ८६ मध्ये 'ते माओरी' नावाचं मोठं प्रदर्शन अमेरिकेत फिरलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये पहाटे, वडीलधाऱ्यांच्या मंत्रांनी उघडलं. शेवटचा मुक्काम इथे शिकागोत होता. वस्तूंबरोबर त्यांची माणसं आली होती, तेव्हापासून नातं वाढलं. टोकोमारु बेच्या लोकांच्या सल्ल्याने पुढे घराची दुरुस्ती झाली. आता ते नुसतं काचेआडचं नाही, तिथे मराएच्या रीतीने कार्यक्रम होतात.

---

उंबरठा

घरांच्या प्रवासाचा विषय निघालाय तर माताआतुआबद्दल लिहायलाच हवं. ही गोष्ट मला झोपू देत नाही.

फाकातानेच्या न्गाती आवा लोकांनी हे घर १८७५ मध्ये उघडलं. त्याआधीच्या दशकात त्यांच्या जमिनी सरकारने जप्त केल्या होत्या, माणसं विखुरली होती. घर म्हणजे परत एकत्र येणं होतं. १८७९ मध्ये सरकारने ते सिडनीच्या प्रदर्शनासाठी नेलं. तिथे ते कसं उभं केलं? भिंती उलट्या करून. आतले कोरीव पोउपोउ बाहेर, म्हणजे लोकांना चालता चालता दिसावेत. वर पोहुतुकावांनी लिहिलंय तसं घर म्हणजे शरीर आणि आत म्हणजे पोट, हे लक्षात ठेवून हे वाक्य परत वाचा.

मग मेलबर्न, मग लंडन. तिथे बरीच वर्षं खोलून गोदामात. १९२४ ला वेम्बलीचं प्रदर्शन, १९२५ ला न्यूझीलंडला परत, पण फाकातानेला नाही, दक्षिणेला डनीडिनला. तिथल्या संग्रहालयात सत्तर वर्षं. न्गाती आवांनी मागणी सोडली नाही. १९९६ मध्ये घर परत मिळालं आणि २०११ च्या सप्टेंबरमध्ये फाकातानेत पुन्हा उघडलं. ते लोक 'इमारत परत आली' म्हणत नाहीत. पूर्वज घरी आला म्हणतात.

---

वाटसरू

भिंती उलट्या करून... काय लिहावं कळत नाही.

---

खलाशी

ईस्टर आयलंडचं, म्हणजे रापा नुईचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

मोआई, म्हणजे तिथले मोठे दगडी पुतळे, हे पूर्वज आहेत, यावर तिथल्या लोकांचं आणि अभ्यासकांचं एकमत आहे. वंशाच्या मोठ्या माणसांचे. बेटावर नऊशेहून जास्त आहेत, बहुतेक रानो राराकु या ज्वालामुखीच्या दगडातून काढलेले, आणि कित्येक अजून त्या खाणीतच अर्धवट पडून. सगळ्यांना वाटतं ते समुद्राकडे पाहत पहारा देतात. नाही! आहु नावाचे चौथरे किनाऱ्यावर आहेत, पण मोआईंची पाठ समुद्राकडे आणि तोंड वस्तीकडे. ते आपल्या माणसांकडे पाहतात. आहु आकिवीचे सात समुद्राच्या दिशेला पाहतात खरे, पण तो आहुच आत आहे आणि वस्ती त्यांच्यासमोर होती.

आणि 'पाहतात' हे शब्दशः. १९७८ मध्ये आनाकेनाला उत्खननात पांढऱ्या पोवळ्याचा डोळा सापडला, बुबुळ लाल दगडाचं. त्याआधी त्या खोबण्या रिकाम्याच असतात असं धरून चालले होते. डोळे बसवले की मोआईत माना येतो, तो वंशाचं रक्षण करू लागतो, असं मानतात. माना म्हणजे वंशातून, कर्तृत्वातून येणारी शक्ती. त्यांना आरिंगा ओरा म्हणतात, जिवंत चेहरे. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे, हे आपल्याकडच्या मूर्तिकाराला वेगळं सांगावं लागणार नाही.

पण त्याच बेटावर मोआई कावाकावाही आहे. लाकडाची लहान आकृती, बरगड्या वर आलेल्या, गाल बसलेले, नाक बाकदार. हा पोसणारा पूर्वज वाटत नाही. ती आत्म्यांची आकृती, घरात गुंडाळून ठेवायची आणि सणाला अंगावर अडकवून नाचायचं. म्हणजे एकाच बेटावर, एकाच 'मोआई' शब्दाचे दोन अगदी वेगळे चेहरे.

१८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम पकडणाऱ्यांनी माणसं नेली, मागोमाग देवीच्या रोगाची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर १११ लोक उरले होते. कुठला मोआई कुणाचा, हे सांगणारे त्यातच गेले. होआ हाकानानाइआ नावाचा मोआई १८६८ मध्ये इंग्रजी युद्धनौकेने नेला, तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१८ मध्ये रापा नुईचे लोक तो परत मागायला लंडनला गेले होते. अजून मिळालेला नाही.

---

चाफेकळी

हवाईहून एक लाकडी टिकी आणली होती, दात विचकलेली. दाराशी लावली आहे. हे वाचून काढावीशी वाटतेय. ती कोण आहे?

---

दगडफूल

चाफेकळी, बहुधा 'कू' या देवाची नक्कल. हवाईत चित्र पुन्हा बदलतं. देवळातल्या (हेइआउ) मोठ्या लाकडी आकृत्या पूर्वजांच्या नाहीत, कू हा युद्धाचा आणि राज्यसत्तेचा देव. घरचा पूर्वज तिथे आउमाकुआ. तो शार्क होऊन येतो, घुबड होऊन येतो. कोरलेल्या रूपातही असे, पण ज्या घराचा आउमाकुआ शार्क आहे ते समुद्रात शार्कलाच ओळखतं.

मोठ्या आकृत्या इतक्या कमी का उरल्या? १८१९ मध्ये पहिला कामेहामेहा वारला आणि त्याच वर्षी राणी काआहुमानू आणि नवा राजा यांनी कापूची जुनी बंधनं मोडली. बायका-पुरुष एकत्र जेवले. आकृत्या जाळल्या गेल्या. मिशनरी पोचले १८२० मध्ये! लोकांनी आधीच, स्वतः केलं होतं. मोठ्या तीन कू-मूर्ती उरल्या, एक होनोलुलूत, एक लंडनला, एक अमेरिकेत सेलमला. २०१० मध्ये तिघींना काही महिन्यांसाठी होनोलुलूत एकत्र आणलं.

तुमच्या दारावरची मात्र बहुधा वेगळ्याच घराण्यातली. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात 'टिकी बार' सुरू झाले. त्यांनी हवाई, मार्केसास, माओरी, मोआई सगळं एका मगात घातलं. वंश नाही, नाव नाही, बेट नाही. ठेवायची की काढायची ते तुम्ही ठरवा. मी तरी दारूच्या पेल्यावर कुणाचे आजोबा घेणार नाही.

---

रानजाई

आणि हेई-टिकी? ती देवी आहे की पूर्वज? गर्भाची आकृती, संततीसाठी घालतात असं एका दुकानात सांगितलं होतं.

---

पोहुतुकावा

रानजाई, हे मी इथे विचारून आलेय. संततीचा अर्थ काही जण सांगतात, हिने-ते-इवाइवा या बाळंतपणाच्या देवीशी जोडतात. पण मला ज्यांनी सांगितलं त्यांनी दगडावर जोर दिला. पोउनामु हा हिरवा दगड दक्षिण बेटावरच मिळतो आणि फार कठीण असतो. वाळूच्या दगडावर पाणी घालून महिनोन् महिने घासून एक टिकी व्हायची. मग ती पिढ्यान् पिढ्या अंगावरून अंगावर. कित्येकींना स्वतःचं नाव आहे. माणूस गेला की त्याच्या अंगावर ठेवत, काही वेळा बरोबर पुरत आणि पुढे अस्थी काढताना परत घेत. म्हणजे ती 'पूर्वजाची प्रतिमा' असेल नसेल, पण पूर्वजांच्या अंगाला खरोखर लागलेली असते. इतक्या गळ्यांवरून आली आहे हाच तिचा अर्थ, असं त्या बाई म्हणाल्या. १९६०-७० च्या दशकांत एक विमान कंपनी प्रवाशांना प्लास्टिकच्या हेई-टिकी वाटायची, हेही त्यांनीच सांगितलं.

---

कृष्णाकाठ

एक शब्दाचं सुचलं, चूक असेल तर सांगा. माओरीत भूतकाळ पुढे असतो असं कुठेतरी वाचलं होतं?

---

पोहुतुकावा

हो! न्गा रा ओ मुआ, शब्दशः 'पुढचे दिवस', आणि अर्थ होऊन गेलेले दिवस. जे घडलं ते डोळ्यांसमोर असतं, उद्याचं पाठीमागे, दिसत नाही. माणूस पाठमोरा उद्याकडे चालतो.

---

कृष्णाकाठ

मग आपल्या 'पूर्वज'कडे पाहा. पूर्व म्हणजे आधीचा, आणि संस्कृतात पूर्व म्हणजे समोरचाही. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की समोर असते ती पूर्वा. कुणाकडून कुणाकडे गेलं असं म्हणत नाही आता. पण शब्द आपल्याकडेही त्याच बाजूला उभा आहे.

---

उंबरठा

कृष्णाकाठ, हा प्रतिसाद जपून ठेवतो.

---

पोहुतुकावा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सासूबाईंना हा धागा पूर्ण वाचून दाखवला. माताआतुआच्या जागी त्यांनी मला थांबवलं आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, पुढे वाच.

संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी मी ज्यांना हात जोडले, त्यांचं नाव काय होतं?"

मी विचारलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी मराएवर स्वयंपाकाला हात हवे आहेत, आम्ही दोघी जाणार आहोत. त्या आजी भेटल्या तर आधी नाव विचारून घेईन.